आपांची नोंदणी

माझ्या पत्रांना उत्तर येत नाही याची मला सवय आहे. माझ्या पत्रातील शब्द कोणी जसेच्या तसे अमलात आणील, याची मात्र मला मुळीच सवय नव्हती. ते एकदा घडले आणि त्या एका खेपेने मला जितका मनस्ताप झाला, तितका आयुष्यातील सगळ्या अनुत्तरित पत्रांनी मिळूनही झाला नसेल.

मी न्यायालयात अधीक्षक होतो. निवृत्तीनंतर जालन्यातील एका न्यासाच्या रुग्णालयात, बाहेरच्या दालनात, एका टेबलाशी रोज सकाळी अकरा ते तीन बसू लागलो. आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि केसपेपरवर तिसरे, अशी माणसे रोज येतात. त्यांचे अर्ज मी लिहून देतो, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून देतो आणि कोणत्या खिडकीवर कोणते कलम दाखवायचे ते सांगतो. मला हे काम कोणी नेमून दिलेले नाही. ते करू नये असेही कोणी लेखी कळवलेले नाही.

आतल्या स्त्री कक्षात आपा असत. मस्तगडात त्यांचे घर. घरी गोधड्या शिवण्याचे काम. धाकटी बहीण या कक्षात दोन महिने होती, तेव्हा आपा रोज येत. बहीण गेली, पण आपांचे येणे थांबले नाही. ज्या बाईसोबत कोणी नाही तिच्याशेजारी त्या बसत. एक्स-रेला नेत, वेणी घालून देत, डॉक्टर काय म्हणाले ते बाईला कळेल अशा भाषेत पुन्हा सांगत. डॉक्टर मराठीत इंग्रजी बोलत. आपा उर्दूत मराठी बोलत. आणि परतूर तालुक्यातल्या बाईला आपांचेच बोलणे बरोबर कळे.

मला त्या वकीलसाब म्हणत.

"आपा, मी वकील नव्हतो. मी अधीक्षक होतो."

"तो क्या हुआ? झगडा तो वकीलके जैसाच करते ना!"

दुरुस्तीचा प्रयत्न मी त्याच दिवशी सोडला.

आता माझ्या पत्राविषयी. पांढरा शर्ट घातलेला एक इसम कक्षाकक्षांतून फिरत असे. रुग्णालयाचा माणूस असल्याची बतावणी करून तो नातेवाइकांना बाहेरच्या प्रयोगशाळेकडे वळवी. तो दलाल होता हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होते. मी व्यवस्थापनाला पाच पानी पत्र लिहिले. त्यातील चौथा मुद्दा मी तीन वेळा घासूनपुसून लिहिला होता: "कर्मचारी, रुग्ण, पासधारक नातेवाईक आणि अधिकृत ओळखपत्र असलेले नोंदणीकृत स्वयंसेवक यांव्यतिरिक्त कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही सबबीवर, कक्षात प्रवेश देण्यात येऊ नये." "कोणत्याही सबबीवर" हे शब्द लिहिताना मला जे समाधान वाटले होते, ते आज आठवले तरी कानशिले तापतात.

नवल म्हणजे व्यवस्थापनाने पत्र वाचले. वाचून मान्य केले. मान्य करून चौथा मुद्दा मोठ्या अक्षरांत छापला आणि दारावर लावला. एवढ्यावर न थांबता, नोंदणीकृत स्वयंसेवक हवेत म्हणून स्वयंसेवेचा प्रसार करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेशी करारही केला.

संघटनेचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय कार्यालयातून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितले की या जिल्ह्यात सेवेची संस्कृती रुजवायची आहे. मी तिसऱ्या रांगेत होतो. याच जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या उत्सवात पंगतीमागून पंगती वाढणाऱ्या माणसांना आपली संस्कृती अजून रुजलेली नाही हे कोणी कळवले असल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. भाषणानंतर पडद्यावर चित्रे दाखवली: मोबाइलवर नोंदणी, मोबाइलवर हजेरी, सेवेच्या तासांची मोजणी, शंभर तासांना रौप्य चिन्ह, महिन्याचा उत्कृष्ट स्वयंसेवक. मी उठून विचारले की एखाद्या बाईच्या उशाशी नुसते गप्प बसून राहिल्यास तो तास कोणत्या रकान्यात मोडतो? पाहुणे म्हणाले, "फार सुंदर प्रश्न आहे." आणि पुढचे चित्र लावले.

तरीही जे खरे ते लिहिले पाहिजे. संघटनेने एका दिवसाचे प्रशिक्षण दिले आणि ते उत्तम होते. जिल्हा समन्वयक म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईंनी रुग्णाला खाटेवरून खुर्चीत कसे घ्यावे ते दाखवले. मी इतकी वर्षे लोकांना काखेत हात घालून ओढत होतो, ते साफ चूक होते. त्याने रुग्णाचा खांदा निखळू शकतो. स्वयंसेवकाला अपघात विमा होता. हातमोजे, मास्क होते. कोणाचे मरण पाहून आल्यावर बोलायला एक दूरध्वनी क्रमांक होता. आपांना बहिणीनंतर तीन वर्षे असा एकही क्रमांक कोणी दिला नव्हता. म्हणून मी नोंदणी केली. हिरवे अर्धे जाकीट घातले. आठ दिवस मी प्रसन्न होतो, आणि मी प्रसन्न असल्याचे पाहून घरी चिंता पसरली होती.

नवव्या दिवशी, सोमवारी, चौथ्या मुद्द्याचा अंमल सुरू झाला आणि सुरक्षारक्षकाने आपांना दारात अडवले.

"आपा, मला बी लई वाईट वाटून राह्यलं. पण वरून लेखी आल्तं. ह्ये बघा, चार नंबर."

आपांना वाचता येत नव्हते. त्यांनी मला हाक मारली. "वकीलसाब, ये क्या लिखेला है, जरा पढके बताव."

मी वाचून दाखवला. माझा स्वतःचा मुद्दा, माझ्या स्वतःच्या तोंडाने, स्वल्पविरामांसह. "कोणत्याही सबबीवर" हे शब्द मी भरभर वाचले.

"किसने लिख्या?" आपांनी विचारले.

"मी लिहिले."

आपांनी कागदावरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "अच्छा लिख्या. कुत्रा बी अंदर नै जा सकता."

याहून मोठी शिवी मला न्यायालयातील अख्ख्या नोकरीत कोणी दिली नव्हती.

त्याच वेळी आत वाटूरची एक बाई होती. वय पस्तीसच्या आसपास, गर्भाशयात गाठ, अंगावरून रक्त जात असलेले, चेहरा पांढराफटक. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच, गुरुवारी येत. या गुरुवारी तिचे नाव होते. नवरा तिला दाखल करून परतला होता, कारण घरी आई अंथरुणावर आणि दोन लहान मुले. तसाही स्त्री कक्षात पुरुष नातेवाइकाला संध्याकाळी तासभरच मुभा. तिला सख्खी बहीण नव्हती, आई केव्हाच वारलेली. शुक्रवारपासून आपाच तिच्याजवळ बसत होत्या. सोमवारी आपा आल्या नाहीत, तेव्हा तिने परिचारिकेला स्वच्छ सांगितले, "आपा असत्याल तर सही करते. न्हाई तर मला घरी जाऊ द्या. बेशुद्ध केल्यावर माझ्यापाशी कोण हाय?"

परिचारिकेने समजावले, डॉक्टरांनी समजावले. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सही नाही तर शस्त्रक्रिया नाही. हा गुरुवार गेला की पुढला महिना. आणि तिचे रक्त महिनाभर थांबून राहणारे नव्हते. हे सगळे मला परिचारिकेने टेबलाशी येऊन सांगितले आणि "तुमच्या आपांचं काहीतरी करा" असे म्हणून ती गेली. आता आपा माझ्या झाल्या होत्या.

आपांना स्वयंसेवक म्हणून नोंदवावे, हा सरळ मार्ग होता. मी त्यांना घेऊन समन्वयक बाईंच्या टेबलाशी गेलो.

"काका, जन्मतारीख टाका."

आपांच्या आधार कार्डावर एक जानेवारी होती. आमच्या भागात अर्धी माणसे एक जानेवारीला जन्मलेली आहेत. कार्ड काढणाऱ्याने तोंडाकडे पाहून वर्ष ठरवलेले असते. आपांच्या तोंडाकडे पाहून त्याने त्यांना एकाहत्तर वर्षांची केली होती. आपांच्या मते त्या त्रेसष्ट-चौसष्टच्या.

मोबाइलने लाल अक्षरांत नकार दिला. कक्षातील सेवेला वयोमर्यादा पासष्ट.

"मी अडुसष्ट वर्षांचा आहे," मी म्हणालो. "माझी नोंदणी कशी झाली?"

"तुमची टेबल-सेवा आहे ना, काका. तिला मर्यादा नाही. आपांना टेबल-सेवा देऊ या का?"

"त्यांना लिहिता येत नाही."

"मग कठीण आहे," बाई म्हणाल्या. त्यांना खरेच वाईट वाटत होते, आणि त्यामुळे मला अधिकच चीड आली. ज्याच्यावर ओरडता येत नाही अशा माणसाला नियमाच्या दारात उभे करणे, ही प्रत्येक कार्यालयाची जुनी युक्ती आहे.

"नियम शिथिल करण्याचा अधिकार कोणाला आहे?"

"राष्ट्रीय कार्यालयाला. पण काका, त्याला वेळ लागतो."

मी संघटनेची नियमावली मागून घेतली आणि तिथेच बसून वाचली. ती वाचणारा मी जिल्ह्यातील पहिलाच असेन असे मला वाटते. समन्वयक बाईंनीही तसे कबूल केले. शेवटच्या पानावर शिथिलतेचे कलम सापडले: "विशेष परिस्थितीत." सोमवारीच मी राष्ट्रीय कार्यालयाला पत्र लिहिले, स्पीड पोस्टाने पाठवले आणि वेळ कमी म्हणून ईमेलनेही पाठवले. परिस्थिती कशी विशेष आहे हे नऊ मुद्द्यांत मांडले. वयाची नोंद अंदाजाने झाली आहे, शिथिलतेचे कलम उपलब्ध आहे, आणि गुरुवारच्या आत निर्णय न झाल्यास एका स्त्रीच्या जिवाला धोका आहे. शेवटचा मुद्दा मी अधोरेखित केला.

चार मिनिटांत उत्तर आले. चार मिनिटांत! मी चष्मा पुसून वाचले. "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आपण सेवेच्या प्रवासात आमच्यासोबत असल्याचा आम्हाला आनंद आहे." खाली एक प्रमाणपत्र जोडले होते. माझे नाव, सोनेरी किनार, आणि "अभिप्रायवीर" अशी पदवी.

मी दुसरे पत्र लिहिले. त्यात कळवले की मी अभिप्राय दिलेला नसून अर्ज केला आहे; या दोहोंतील फरक न्यायालयाच्या पायरीवर बसणाऱ्या माणसालाही कळतो. मंगळवारी दुपारी उत्तर आले, आणि या वेळी ते कोणा जिवंत माणसाने लिहिले होते. त्यांना आपांची कहाणी अतिशय प्रेरणादायी वाटली होती. संघटनेच्या त्रैमासिकासाठी मी ती पाचशे शब्दांत लिहून द्यावी, सोबत छायाचित्र जोडावे. वयाच्या अटीचा विषय पुढील बैठकीत ठेवण्यात येईल. बैठक केव्हा, याचा उल्लेख नव्हता.

मी घरी येऊन टेबलावर हात आपटला. पत्नी भाजी निवडत होती.

"काय झालं? परत कुणी उत्तर दिलं का?"

"दिले. त्यांना लेख हवा आहे."

"मंग द्या की. तुमचं लिहिलेलं कुणी मागून घेऊन राह्यलंय, ही पहिलीच बारी हाय."

"अगं, तिकडे बाईचा जीव..."

"त्ये समजलं मला. पण तुम्ही दिल्लीला कामून विचारता? त्या बाईला विचारलं का, तिला काय सुचतंय त्ये?"

विचारले नव्हते. दोन दिवसांत मी संघटनेला विचारले, व्यवस्थापनाला विचारले, नियमावलीला विचारले. जिच्यासाठी हे चालले होते तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. हे मला पत्नीकडून ऐकावे लागले याचाही मला राग आला. तो मी भाजीवर काढला.

बुधवारी ती बाई स्वतःच बाहेर आली. सलाइनची सुई हाताला चिकटवलेली, एका हाताने भिंत धरून. मागून परिचारिका ओरडत होती. दालनातल्या बाकावर आपा बसल्या होत्या, कारण दालनात बसायला माझ्या चौथ्या मुद्द्याने मनाई केलेली नव्हती. बाईने नातेवाइकाच्या पासाचा कोरा अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"काका, ह्यो लिहून द्या. मालकाचा पास संपला. आता आपांच्या नावानं काढा."

"नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"मावशी लिहा."

मी पेन खाली ठेवले. "बाई, खाली छापले आहे ते ऐका: वरील माहिती सत्य असून, असत्य आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन. मी आजवर कोणाच्या अर्जात खोटे लिहिलेले नाही."

आपाही उठल्या. "नक्को बेटा. झूठ नक्को लिखाना. वकीलसाबका नाम खराब होता."

"खोटं कसं?" बाई खाली बसली आणि धापा टाकत बोलू लागली. "माझ्या लग्नात सात मावश्या मिरवून गेल्त्या. आता एक तरी आली का? ह्या आल्या. तीन दिस माझं सगळं केलं. मंग मावशी कोण? तुमच्या कायद्यात मावशी कशाला म्हणत्यात, त्ये तरी दाखवा मला."

मी अर्ज उलटसुलट वाचला. मागची नियमपत्रिका वाचली. नातेवाईक म्हणजे कोण, याची व्याख्या कोठेही दिलेली नव्हती. ज्या कागदावर व्याख्याच नाही त्या कागदाचा मी आयुष्यभर तिरस्कार केला आहे. त्या दिवशी प्रथमच तसा कागद पाहून मला हायसे वाटले.

आणि मग मला माझ्या आईचा मानलेला भाऊ आठवला. तो काच-बांगड्या विकणारा मुसलमान होता. आईच्या गावी रीत होती: चार माणसांदेखत दोघांनी एकमेकांच्या तोंडात साखर घालायची आणि नाते मोठ्याने बोलायचे. एवढे झाले की नाते झाले. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मामाचा मान त्याने घेतला. शिवाय, मी नोकरीत असताना एका साक्षीदाराला न्यायाधीशांनी पक्षकाराशी नाते विचारले होते. तो म्हणाला, मानलेला भाऊ. न्यायाधीशांनी तसेच लिहून घेण्यास सांगितले, आणि लिहून घेणारा मी होतो. रूढीला कायदा मानतात. हे मला पाठ होते. वापरायचे मात्र सुचले नव्हते.

"साखर आहे का कोणाजवळ?" मी विचारले.

कक्षात चहासोबत मिळणारी साखरेची पुडी सुरक्षारक्षकाच्या खिशात होती. बाईने आपांच्या तोंडात चिमूट घातली, आपांनी तिच्या. "मावशी," बाई मोठ्याने म्हणाली. आपा म्हणाल्या, "हौ बेटा," आणि लगेच पदराने डोळे पुसत माझ्यावर खेकसल्या, "अब तो लिखो! लडकी कबसे बैठेली है!"

मी लिहिले: मावशी (मानलेली). कंसाशिवाय लिहायला मी तयार नव्हतो.

पासच्या खिडकीवरील लिपिकाने अर्ज वाचला आणि मान हलवली. "साहेब, आडनाव जुळत न्हाई."

"तुमचे आणि तुमच्या मावशीचे आडनाव जुळते का?"

त्याने दोघींकडे पाहिले. "पण ह्या तर... म्हणजे, दोघींचं येगळं दिसून राह्यलं ना."

"काय वेगळे दिसते? अर्जात ज्याचा रकाना नाही, तो प्रश्न तुम्ही विचारता आहात. विचारायचा असेल तर लेखी विचारा. मी लेखी उत्तर देईन."

माझ्या लेखी उत्तरांची रुग्णालयात जी कीर्ती होती, ती त्या दिवशी प्रथमच उपयोगी पडली. त्याने शिक्का मारला. पण कंसाकडे बोट दाखवून म्हणाला, "संगणकात कंस बसत न्हाई. नुसतं मावशी टाकतो." मी हरकत नोंदवण्यासाठी कागद पुढे ओढला, पण आपांनी पास हातातून काढून घेतला आणि बाईला धरून कक्षाच्या दाराकडे निघाल्याही. दारातल्या चाकाच्या खुर्चीवर बाईला कसे बसवावे हे प्रशिक्षणात शिकलेले मी त्यांना सांगणार होतो. त्यांनी एक हात पाठीमागे आणि एक कोपराखाली घेऊन तिला अगदी बरोबर बसवले होते.

सायंकाळपर्यंत कक्षातील आणखी तीन बायका माझ्या टेबलाशी आल्या. एकीला आपा आत्या हव्या होत्या, दुसरीला नणंद. एका व्यक्तीने एकाच रुग्णाचा नातेवाईक असावे, अशीही अट कोठे नव्हती. मी तिन्ही अर्ज लिहिले, तिघींना साखर शोधायला लावली, तिन्ही ठिकाणी कंस घातले. समन्वयक बाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

"काका, हे तास आमच्या नोंदीत येणार नाहीत हो."

"येऊ नयेत," मी म्हणालो.

"तसं नाही. मला ते कळवायचं होतं वर. म्हणजे, अट का बदलली पाहिजे ते." त्या संकोचून बोलल्या. "तुमच्या नऊ मुद्द्यांची प्रत द्याल का?" माझ्या हयातीत माझ्या पत्राची प्रत मागणाऱ्या त्या पहिल्या अधिकारी. मी दोन प्रती दिल्या.

गुरुवारी बाईने सही केली. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर आपा सकाळी नऊपासून बसल्या होत्या. मी टेबल सोडून तेथे जाऊन उभा राहिलो. आपा माळ ओढत होत्या आणि मधूनच माझ्याकडे पाहून "बैठो ना, पाव दुखेंगे" म्हणत होत्या. साडेअकराच्या सुमारास दार उघडले. डॉक्टरांनी मास्क खाली ओढून विचारले, "पेशंटचे नातेवाईक?"

माझ्या अंगावर हिरवे जाकीट होते, छातीवर छायाचित्र आणि नोंदणी क्रमांक होता. डॉक्टरांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. आपा उठल्या, पास पुढे केला. "मैं. मौसी."

गाठ निघाली होती. रक्त थांबले होते. रात्रीपर्यंत पाणी द्यायचे नाही, कुशीवर वळवायचे नाही, दुखले तर परिचारिकेला बोलवायचे. डॉक्टर सांगत गेले, आपा प्रत्येक वाक्याला "हौ" म्हणत गेल्या. नंतर गाडीवरून बाईला बाहेर आणले. ती अर्धवट शुद्धीत होती आणि कोणाला तरी शिव्या देत होती. स्त्री कक्षाच्या दारापर्यंत मी गाडीमागून गेलो. उंबऱ्याशी आपांनी मागे वळून हात आडवा केला.

"आप किदर? ये जनाना है. पास है तुम्हारे पास?"

पास नव्हता. पुरुष स्वयंसेवकाला स्त्री कक्षात प्रवेश आहे की नाही, हे नियमावलीत पाहण्यासाठी मी खिशातून ती काढली. आपांनी तोवर दार लोटून घेतले होते. प्रवेश नव्हता. कलम स्पष्ट होते, आणि नीट लिहिलेले होते.